अँटॉप हिलचं पेटंट परीक्षण: हाडाच्या स्टेपलच्या ड्रिल गाइडसाठी कितपत कामाचं?

लघुउद्योग म्हणून नोंद असलेल्या मुंबईतल्या वर्कशॉपने नवीन ड्रिल गाइडसाठी, म्हणजे हाडाच्या स्टेपलसाठी बरोबर जागी छिद्रं पाडून देणाऱ्या साधनासाठी, पेटंटचा अर्ज केला, लवकर प्रसिद्धी मागितली आणि जलद परीक्षण घेतलं, तर सरकारी फी होते १२,१०० रुपये. अर्जाचे १,६००, फॉर्म ९ चे २,५०० आणि फॉर्म १८ए चे ८,०००. या पैशांत एक प्रशिक्षित परीक्षक जगभरातली जुनी पेटंटं धुंडाळतो, तुमच्या गाइडशी जुळणारे कागद शोधून काढतो आणि नेमकं काय नवीन नाही ते लेखी कळवतो. खाजगीत एवढा शोध करून घ्यायला बऱ्याचदा याहून जास्त मोजावे लागतात. त्यामुळे सेवा घ्यावी का, याचं उत्तर सरळ ‘हो’ आहे. अट एकच: अर्ज भरला त्या दिवशी यंत्रणेचा सगळा तपशील कागदावर आलेला असला पाहिजे. परीक्षक गाइड हातात घेऊन बघत नाही, त्याच्यासमोर असतात फक्त पानं आणि चित्रं. जे तिथे नाही ते पुढे कुठेच धरलं जात नाही, आणि या वर्गातले बहुतेक अर्ज आडवे होतात ते इथेच.

आधी सेवेची ओळख. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला, एस. एम. रोडवरच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. वडाळा रोड किंवा जीटीबी नगर, हार्बरवरची दोन्ही स्टेशनं जवळची. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा आणि छत्तीसगडचे अर्ज या कार्यालयाच्या हद्दीत येतात. प्रत्यक्षात तिकडे जायची वेळ क्वचितच येते. अर्ज ऑनलाइन भरला जातो, हिअरिंग व्हिडिओवर होतं, कागद भरायला गेलात तर फी दहा टक्के जास्त लागते. अर्ज मुंबईत भरला म्हणजे मुंबईतलाच परीक्षक तो तपासेल असंही नाही. देशातल्या चारही कार्यालयांतल्या परीक्षकांमध्ये विषयवार वाटप होतं. ओळखीपाळखीने लवकर होईल असं कुणी सांगितलं तर ते ऐकूच नये.

भाषेची एक गोष्ट लक्षात ठेवायची. तपशीलपत्र, म्हणजे अर्जासोबतचं शोधाचं लेखी वर्णन, इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतं, मराठीत नाही. वर्कशॉपमध्ये सगळी चर्चा मराठीत होत असेल, तर फोरमन किंवा टूलमेकर जे बोलतो ते मराठीतच लिहून घ्यावं आणि मग पेटंट एजंटने ते इंग्रजीत न्यावं. एजंटने फोनवर ऐकून थेट इंग्रजी लिहिलं, तर ‘पाचर’, ‘खाच’ आणि ‘कडी’ हे तिन्ही भाग ‘लॉकिंग मीन्स’ या एकाच मोघम शब्दात गुंडाळले जातात. पुढे तो शब्द सोडवायला काही हाती राहत नाही.

आता वस्तू. हाडाचं स्टेपल म्हणजे वर आडवा ब्रिज आणि खाली दोन पाय. पायाच्या अंगठ्याच्या ऑस्टिओटॉमीत (हाड कापून नीट जुळवण्यात), पावलाच्या मधल्या सांध्यांच्या फ्यूजनमध्ये (सांधा कायमचा जोडण्यात), हाताच्या छोट्या हाडांत ते वापरतात. जुनी स्टेपलं स्टेनलेस स्टीलची, ठोकून बसवायची. आताची बरीचशी निटिनॉलची, म्हणजे मूळ आकारात परत जाणाऱ्या मिश्रधातूची असतात. इन्सर्टर पाय समांतर धरून ठेवतो, स्टेपल हाडात बसलं की इन्सर्टर सोडायचा, पाय आतल्या बाजूला ओढले जातात आणि हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबली जातात. हा दाब हवा तसा मिळायचा तर दोन छिद्रं समांतर हवीत आणि त्यांच्यातलं अंतर ब्रिजशी जुळायला हवं. अंतर कमी झालं तर दुसरा पाय आत शिरत नाही. जास्त झालं तर पाय ताणून घालावे लागतात. छिद्रं तिरकी गेली तर पाय अर्ध्यावर अडकतो, मग सर्जन वरून ठोकतो, आणि पातळ हाडाला तडा जायची भीती तिथेच असते.

गाइडचं काम ही दोन छिद्रं बरोबर पाडून देणं. क्रम ठरलेला आहे: हाड जुळवून धरायचं, गाइडचे दात कापाच्या दोन्ही बाजूंना टेकवायचे, पहिलं छिद्र पाडायचं, त्यात तात्पुरती पिन घालायची म्हणजे गाइड हलत नाही, मग दुसरं छिद्र, मग खोली मोजायची, गाइड काढायचा, स्टेपल बसवायचं. पेटंटच्या दृष्टीने हा क्रम जुना आहे. ड्रिलला वाट देणाऱ्या दोन समांतर नळ्या म्हणजे बॅरल, मध्ये हँडल, टोकाला दात, एक पिन: एवढ्यावर कुणी नवीनपणा सांगत असेल तर त्याने अर्ज करूच नये. अहवालात पहिल्याच ओळीत तो पडेल.

नवीन काही करायची जागा आहे ती छिद्र किती चुकतं त्या मापात. बॅरल आणि ड्रिलमध्ये ०.१ मिमी क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, आहे असं धरू. बॅरल १२ मिमी लांब असेल तर ड्रिल जवळपास अर्धा अंश कलू शकतो. हाडात २० मिमी खोल गेल्यावर टोक सुमारे ०.१७ मिमी सरकलेलं असतं. दोन छिद्रं उलट दिशांना कलली तर फरक दुप्पट. तेच बॅरल ३० मिमी केलं तर टोकाची सरक ०.०७ मिमीवर येते. ठरावीक अंतराच्या गाइडमध्ये हा प्रश्न इथेच संपतो. पण रुग्णालयाला १० मिमीपासून २० मिमीपर्यंतच्या ब्रिजसाठी पाच वेगळे गाइड ट्रेमध्ये ठेवायचे नसतात. त्यांना सरकत्या बॅरलचा एकच गाइड हवा असतो. आणि सरकता बॅरल म्हटला की डव्हटेलमध्ये, म्हणजे तो ज्या तिरक्या कडांच्या खाचेत सरकतो तिच्यात, प्ले (ढिलेपणा) आला. स्लाइडची पकड १० मिमी लांब आणि प्ले ०.१ मिमी असेल, तर स्लाइडपासून ५० मिमी खाली, म्हणजे ३० मिमी बॅरल आणि २० मिमी हाड ओलांडून, छिद्राचं टोक अर्धा मिमी सरकतं. ड्रिलच्या क्लिअरन्सपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. समांतरपणा बिघडतो तो स्लाइडमुळे.

पुढचं सगळं एका कल्पित गाइडवर तपासून बघू. पहिल्या, पक्क्या बॅरलमध्ये तात्पुरती पिन घातली की पिनेची निमुळती कॉलर (कडी) बॅरलच्या भिंतीतल्या एका छोट्या पाचरेला बाहेर ढकलते. पाचर डव्हटेलच्या एका बाजूवर दाबते. स्लाइडमधला प्ले त्या क्षणी निघून जातो आणि दुसरा बॅरल पक्का होतो. पिन काढली की स्प्रिंग पाचरेला मागे घेते, बॅरल पुन्हा सरकतो. सर्जनला वेगळा स्क्रू आवळायची गरज नाही, कारण पिन तो घालणारच असतो. कल्पना साधी आहे, आणि पेटंटच्या कसोटीला उतरू शकते अशी आहे. पण ती कागदावर कशी उतरते त्यावर सगळं ठरतं.

एफईआर, म्हणजे पहिला परीक्षण अहवाल, चार भागांत येतो. पहिल्या भागात तक्ता: पेटंट कायद्याच्या कोणत्या कलमाखाली कोणत्या क्लेमवर हरकत. क्लेम म्हणजे हक्क नेमका कशावर मागितला आहे ते सांगणारं वाक्य. दुसऱ्या भागात तांत्रिक म्हणणं, सापडलेल्या जुन्या कागदांचे संदर्भ डी१, डी२ असे क्रमाने. तिसऱ्यात औपचारिक त्रुटी, चौथ्यात दफ्तरी असलेले कागद. यातला दुसरा भाग म्हणजे या सेवेचा खरा माल. परीक्षक ए६१बी १७/१७ या वर्गात शोधतो, तिथे शस्त्रक्रियेतले ड्रिलचे गाइड असतात. हाडाच्या स्टेपलसाठी ए६१बी १७/०६४२ आहे. आणि चांगला परीक्षक बी२३बी ४७/२८ सुद्धा उघडतो, जिथे कारखान्यातली ड्रिल जिग (छिद्र ठरल्या जागी पाडायची साधनं) सापडतात. या तिसऱ्या वर्गाकडे अर्जदारांचं नेहमी दुर्लक्ष होतं. ऑर्थोपेडिक कॅटलॉग चाळून ‘असं कुणाकडेच नाही’ म्हणायचं, आणि परीक्षकाने लाकूडकामाच्या किंवा पत्र्याच्या जिगमधली पाचरेची कुलूपबंदी डी२ म्हणून समोर ठेवायची. अर्ज भरण्याआधी एस्पासनेट आणि इनपास या दोन्ही मोफत डेटाबेसवर हे तिन्ही वर्ग स्वतः चाळून घ्यावेत. दोन-तीन संध्याकाळचं काम आहे.

नवीनपणाची हरकत एका कागदावर उभी असते. डी१ मध्ये क्लेमचा प्रत्येक भाग असला तरच नवीनपणा जातो. परीक्षकाने डी१ आणि डी२ जोडून नवीनपणा नाकारला असेल, तर उत्तरात तेवढंच शांतपणे दाखवावं. शोधप्रगतीच्या हरकतीत मात्र दोन कागद जोडायला त्याला मुभा आहे. आपल्या कायद्यात कलम २(१)(जेए) तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागतं, आणि त्याच्या जोडीला ते या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखं नसावं अशी अट घालतं. आपल्या उदाहरणात डी१ सरकत्या बॅरलचा गाइड असेल, डी२ स्क्रूने आवळायची पाचर असलेली जिग. परीक्षक म्हणेल, डी२ ची पाचर डी१ ला लावली की झालं तुमचं. उत्तर असं असावं: डी२ मध्ये पाचरेला वेगळी कृती लागते. इथे छिद्रात शिरणारी पिनच पाचर चालवते, त्यामुळे पहिलं छिद्र पाडण्याआधी बॅरल मोकळा आणि नंतर आपोआप पक्का, हा क्रम यंत्रणेतच बांधलेला आहे. डी१ आणि डी२ दोन्हींत पिन आणि स्लाइड यांचा काही संबंधच नाही. या उत्तराला वजन येतं ते तपशीलपत्रात अर्ध्या मिमीचा हिशेब आधीच लिहिलेला असेल तरच. ‘वापरायला सोपा, अचूक आणि स्वस्त’ असं लिहून ठेवलेलं असेल तर परीक्षकाला त्यातून काही मिळत नाही.

कलम ३(एफ) ही अशा उपकरणांवरची अगदी ठरलेली हरकत. ओळखीच्या वस्तूंची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे आपलं जुनंच काम करते, तिला पेटंट नाही. हँडलला टॉर्च लावली, खोली मोजायची पट्टी चिकटवली, असले बदल इथे अडकतात आणि ते अडकायलाच हवेत. पिन आणि पाचरेचं उदाहरण यातून सुटू शकतं, कारण एका भागाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे. पण क्लेम लिहिताना तो संबंध लिहावा लागतो. ‘एक हँडल, एक पक्का बॅरल, एक सरकता बॅरल, एक पिन, एक पाचर’ अशी यादी दिली की परीक्षक ३(एफ) लावणारच. त्याऐवजी मजकूर असा हवा: पक्क्या बॅरलच्या भिंतीत आडवी खाच, त्या खाचेत सरकणारी पाचर, पिनेवर निमुळती कॉलर, आणि पिन बॅरलमध्ये पूर्ण बसली असता कॉलरने पाचरेला डव्हटेलच्या बाजूवर दाबून सरकत्या बॅरलची हालचाल रोखावी अशी रचना. प्रत्येक भागापुढे चित्रातला आकडा कंसात. ‘वैशिष्ट्य असे की’ या शब्दांआधी जुनं, नंतर नवीन.

कलम ३(आय) हे दुसरं खड्ड्याचं ठिकाण. माणसावरच्या शस्त्रक्रियेची कोणतीही पद्धत भारतात पेटंटला पात्र नाही. ‘हाडावर गाइड ठेवणे, छिद्र पाडणे, पिन घालणे’ असा पद्धतीचा क्लेम लिहिलात तर तो जाणार. अमेरिकेच्या अर्जावरून नक्कल केलेल्या मसुद्यांत असे क्लेम सर्रास येतात. ते अर्ज करतानाच काढून टाकावेत. दहा क्लेमपर्यंत जादा फी नाही, अकराव्यापासून छोट्या अर्जदाराला दर क्लेमला ३२० रुपये आणि मोठ्या कंपनीला १,६०० रुपये लागतात, म्हणजे मरणाऱ्या क्लेमसाठी पैसे भरले जातात. उपकरणाच्या क्लेममध्येही ‘सर्जन पिन घालतो’ असं क्रियापद नको. ‘पिन घालता येईल असा’ म्हणा. उपकरणावर ३(आय) लागत नाही, आणि कुणी चुकून लावलं तर उत्तर देणं सोपं असतं: क्लेम वस्तूचा आहे, उपचाराचा नाही.

सगळ्यात महाग पडणारं कलम ५९. अर्ज भरल्यानंतर दुरुस्ती करता येते ती कात्री लावण्यापुरती, चूक सुधारण्यापुरती किंवा स्पष्टीकरणापुरती. नवीन मजकूर आत येत नाही. आणि दुरुस्त क्लेम मूळ क्लेमच्या कक्षेबाहेर जाऊ शकत नाही. आता समजा पाचर चित्रात दिसते, पण मजकुरात फक्त ‘लॉकिंग व्यवस्था’ असं आहे, निमुळत्या कॉलरचा उल्लेखच नाही. एफईआर आल्यावर डी१ मध्ये कुठली तरी लॉकिंग व्यवस्था सापडते. आता अर्जदाराला कॉलर आणि पाचर क्लेममध्ये आणायची असते, पण परीक्षक विचारतो की हे मूळ कागदात कुठे आहे. चित्रात छेद दाखवलेला असेल आणि भागांना आकडे असतील तर थोडी जागा मिळते. बाहेरून काढलेलं त्रिमितीय चित्र असेल तर काहीच नाही. म्हणून पाचरेच्या जागेतून उभा छेद, एक पिन वर असताना आणि एक पिन पूर्ण बसलेली असताना, अशी दोन चित्रं असायलाच हवीत. कॉलरचा कोन, पाचरेची सरक, स्प्रिंग कुठे टेकते, हे मजकुरात हवं. पर्यायही लिहावेत: पाचरेऐवजी गोळी, डव्हटेलऐवजी टी-स्लॉट, स्प्रिंगऐवजी पाचरेलाच लवचिक पट्टी. हे पर्याय पुढे माघार घ्यायला उपयोगी पडतात, आणि प्रतिस्पर्धी गोळी लावून निसटू शकत नाही.

मापांबद्दल. ‘सुमारे ३० मिमी’, ‘साधारण समांतर’ असे शब्द क्लेममध्ये आले की कलम १०(५) खाली स्पष्टतेची हरकत ठरलेली. मर्यादा द्यावी, किंवा गुणोत्तर द्यावं: बॅरलची लांबी ड्रिलच्या व्यासाच्या किमान अमुक पट. वर्णनात मात्र वर्कशॉपची खरी मापं, सामग्री आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मोकळेपणाने लिहावेत. ड्रिल जिथे घासतो तो बुश (आतलं अस्तर) ३१६एल या मऊसर स्टेनलेसचा असेल तर लवकर खरवडतो, म्हणून कठीण केलेलं स्टेनलेस वापरलं, हे लिहिण्यासारखं आहे. बॅरलच्या बाजूला खिडकी ठेवली, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तर मरायला लागतं आणि सलाइनचं पाणी ड्रिलच्या टोकापर्यंत पोहोचायला हवं, हेही. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करण्याच्या) आधी ब्रश आत जावा म्हणून पाचरेची खाच दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली असेल, तर तो उपक्लेम, म्हणजे मुख्य क्लेमला जोडलेला पुढचा क्लेम, होऊ शकतो. असे उपक्लेम पुढे मुख्य क्लेम पडला की अर्ज वाचवतात.

तिसऱ्या भागातल्या औपचारिक हरकती लोक हलक्याने घेतात. शोधक आणि अर्जदार वेगळे असतील, म्हणजे कल्पना सर्जनची आणि अर्ज कंपनीचा, तर हक्काचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा लागतो. फॉर्म १ वर सर्जनची सही किंवा हस्तांतराचा करार. ज्या सर्जनने ‘पिननेच लॉक व्हायला हवं’ असं सुचवलं, तो शोधक आहे. त्याचं नाव टाळणं बेकायदा आहे आणि पुढे विरोधकाच्या हातात आयतं कोलीत देणं आहे. सारांश १५० शब्दांच्या आत. चित्रांवर वर्णनाचा मजकूर चालत नाही, अर्जदाराचं नाव वर डावीकडे, पानांचे आकडे वर उजवीकडे, सही खाली उजवीकडे. कॅडमधून टायटल ब्लॉकसकट काढलेलं ड्रॉइंग तसंच लावलं की हरकत येते. परदेशात अर्ज असतील तर त्यांची माहिती देणारा फॉर्म ३, आणि २०२४ च्या नियमांनुसार एफईआरनंतर तीन महिन्यांत त्याची ताजी माहिती. परदेशात आधी अर्ज करायचा असेल तर कलम ३९ ची परवानगी आधी घ्यायची, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं.

वेळेचं गणित. साध्या मार्गाने अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि फॉर्म १८ भरल्याशिवाय परीक्षण सुरूच होत नाही. हा फॉर्म भरायची मुदत १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ३१ महिने आहे, पूर्वी ४८ होती. जुनी मुदत डोक्यात ठेवून बसलेले अजून भेटतात, त्यांनी लगेच कॅलेंडर बदलावं. फॉर्म १८ छोट्या अर्जदाराला ४,००० रुपयांना पडतो. परीक्षकाकडे अर्ज सोपवल्यावर त्याला किती दिवस आहेत हे नियमात लिहिलेलं आहे, पण रांगेतून अर्ज त्याच्या टेबलावर कधी येईल याची तारीख कुणी देत नाही. सेवेची ही खरी उणीव. जलद मार्गात ही अनिश्चितता बरीच कमी होते, परीक्षकाला दोन महिन्यांच्या आत अहवाल द्यावा लागतो आणि शेवटच्या उत्तरानंतर तीन महिन्यांत निकाल अपेक्षित असतो. ड्रिल गाइडसारखी वस्तू, जिची नक्कल पुढच्या ट्रेड शोपर्यंत बाजारात येऊ शकते, तिच्यासाठी जलद मार्गच घ्यावा. पात्रता बघून घ्या: स्टार्टअप, लघुउद्योग, अर्जदार व्यक्ती असतील तर त्यांत किमान एक महिला, वगैरे. एकट्या पुरुष सर्जनने स्वतःच्या नावाने भरलेला अर्ज केवळ त्या आधारावर पात्र ठरत नाही. लघुउद्योगाला फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणी जोडावी लागते. सहअर्जदार मोठी कंपनी असेल तर सवलत जाते, आणि तोच संच ८०,५०० रुपयांना पडतो.

एफईआरला उत्तर द्यायची मुदत सहा महिने. ती संपण्याआधी मुदतवाढ मागता येते. उत्तर गेलं नाही तर कलम २१(१) खाली अर्ज सोडून दिल्याचं धरतात, आणि तो परत उठवणं जवळपास अशक्य. उत्तर मुद्देसूद असावं, हरकतीच्या क्रमानेच असावं, आणि सोबत क्लेमची दोन रूपं जोडावीत: एक खुणांसकट, एक स्वच्छ.

हिअरिंगबद्दल आमचं मत चांगलं आहे. नोटीस दहा दिवस आधी येते. पुढे ढकलायचं असेल तर किमान तीन दिवस आधी कळवावं लागतं, आणि दोनदाच मिळतं. व्हिडिओवर अर्ध्या कापलेल्या गाइडचा नमुना कॅमेऱ्यासमोर धरला, पिन खाली दाबली आणि पाचर बाहेर येताना दाखवली, तर कंट्रोलरला, म्हणजे निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला, डी२ शी फरक चटकन कळतो. पण निकालात त्या नमुन्याला काही किंमत नाही. जे दाखवलं ते कोणत्या परिच्छेदात, कोणत्या चित्रात आहे, हे तिथल्या तिथे सांगा आणि १५ दिवसांत लेखी म्हणणं भरा. हे १५ दिवस चुकले तर बोललेलं सगळं वाऱ्यावर.

उणिवा आणखी दोन. स्पष्टता आणि पुरेशा वर्णनाबद्दलच्या हरकती कधी कधी साच्यातल्या असतात, कोणत्या शब्दाला हरकत आहे ते कळत नाही. अशा वेळी अंदाजाने सगळे क्लेम आवळू नयेत, उत्तरात नेमका प्रश्न विचारावा. दुसरी अधिक गंभीर. शोध मुख्यतः पेटंटांमध्ये होतो. इम्प्लांट कंपन्यांची सर्जिकल टेक्निकची पुस्तिका, प्रदर्शनातलं माहितीपत्रक, एखादा जुना कॅटलॉग इथपर्यंत तो दरवेळी जात नाही. तुमचं पेटंट मंजूर होतं, आणि वर्षभराच्या आत कुणीतरी नेमकी तीच पुस्तिका घेऊन कलम २५(२) खाली विरोध करतो. त्यामुळे प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांतले कॅटलॉग आणि परदेशी कंपन्यांच्या संकेतस्थळांवरच्या पीडीएफ स्वतः तपासाव्यात. परीक्षकाला सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं समजू नये.

आणि स्वतःच्याच पायावर धोंडा: अर्जाआधी दाखवणं. डीलरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाइडचा व्हिडिओ टाकला, तर तो तुमच्याच विरुद्ध प्रायर आर्ट, म्हणजे आधीच उघड झालेली माहिती, होतो. परिषदेत वाचलेल्या निबंधाला आणि सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला कलम ३१ खाली बारा महिन्यांची सूट आहे, वाजवी चाचणीला कलम ३२ खाली एक वर्ष आहे, पण या सवलतींची कक्षा अरुंद आहे. सर्जनच्या हातात नमुना देण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारं तात्पुरतं तपशीलपत्र, भरावं. खर्च तोच १,६००. बारा महिन्यांत पूर्ण तपशीलपत्र द्यायचं, त्यासाठी वेगळी मूळ फी नाही. मात्र प्रोव्हिजनलमध्येही पाचर आणि कॉलर असलीच पाहिजे. अर्ध्या पानाच्या प्रोव्हिजनलने तारीख मिळते ती फक्त त्या अर्ध्या पानाला.

कोणी ही सेवा घेऊ नये? ज्यांच्या गाइडमध्ये फक्त हँडलचा आकार वेगळा आहे, पकड छान आहे, दिसायला नेटका आहे. त्यांनी डिझाइन नोंदणी करावी. ती स्वस्त आहे, लवकर होते आणि दहा वर्षं, नूतनीकरणाने आणखी पाच वर्षं टिकते. यंत्रणा तिच्यात झाकली जात नाही, पण झाकायला यंत्रणा नसेलच तर पेटंटवर पैसे का घालावेत?

निकाल विरुद्ध गेला तर मुंबई कार्यालयाच्या अर्जाचं अपील मुंबई उच्च न्यायालयात, तीन महिन्यांत. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपिली मंडळ बंद झाल्यापासून हाच रस्ता आहे, आणि वकिलाचा खर्च धरला तर छोट्या वर्कशॉपला तो जड जातो. मंजूर झालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून, छोट्या अर्जदाराला सहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ८०० रुपये, सातव्यापासून दहाव्यापर्यंत २,४००. पेटंट भारतात वापरात आहे का ते सांगणारा फॉर्म २७ आता दर तीन आर्थिक वर्षांतून एकदाच भरायचा. तेवढी वर्षं एकच रचना विकली जात राहील का, की ट्रे बदलताना गाइडही बदलेल, हे दहाव्या वर्षी बघून पुढची फी भरावी. अकराव्या वर्षापासून ती ४,८०० होते.